कापलेल्या गोल्डनरॉडच्या काड्या कोकणच्या दमट हवेत कशा टिकवाव्यात?

प्रश्न : गुहागरची सजावट

नमस्कार. गुहागर परिसरात साखरपुडा, बारसे, मुंज, सत्यनारायणाची पूजा अशा घरगुती समारंभांची आणि गणपतीच्या दिवसांत मखराभोवतीची पुष्पसजावट आम्ही करतो. शेवंती, झेंडू, निशिगंध, सोनटक्का आणि घरोघरच्या क्रोटनची पाने यांवर आमचे बरेचसे काम भागते; पण मोठ्या फुलांच्या मधली जागा भरायला हलके, पिवळे, तुऱ्यासारखे काही हवे असले की गोल्डनरॉडला पर्याय सापडत नाही. जिप्सोफिलाने रचना मोकळी दिसते, तर गोल्डनरॉडने ती भरदार होते, आणि जांभळ्या किंवा गर्द लाल फुलांशेजारी त्याचा पिवळा रंग फार खुलतो.

अडचण आहे ती टिकण्याची. आमच्याकडे हा माल घाटावरून येतो. जुड्या वर्तमानपत्रात गुंडाळून, वरून प्लॅस्टिक चढवून खोक्यात घट्ट बांधलेल्या असतात आणि रात्रीच्या गाडीने कुंभार्ली घाट उतरून सकाळी आमच्यापर्यंत पोहोचतात. खोके उघडताच आतून ऊब जाणवते. आम्ही जुड्या तशाच बादलीत पाण्यात ठेवतो आणि तुरे ताजे राहावेत म्हणून वरून पाणी शिंपडतो. तरीही दोन-तीन दिवसांत खालची पाने पिवळी पडून काळवंडतात, तुऱ्याचा रंग मळकट होतो आणि पाण्याला वास सुटतो. त्याच बादलीशेजारची शेवंती मात्र तोवर टवटवीत असते.

जुडी घेताना नेमके काय पाहावे, आल्यावर काड्यांचे काय करावे, आमच्या विहिरीचे किंचित मचूळ पाणी त्यांना चालते का, आणि फ्रिजमध्ये ठेवण्याचा काही उपयोग होतो का, हे जाणकारांनी सांगावे. आणखी एक शंका आहे. काही घरांतून "ही फुले नकोत, यांच्या परागांनी शिंका येतात, दमा वाढतो" असे सांगण्यात येते. त्यात तथ्य असेल तर आम्हाला ही फुले वापरायची नाहीत, आणि नसेल तर लोकांना नीट समजावून सांगायचे आहे.

उत्तर : चिपळूणची पुष्परचना

तुमच्या वर्णनावरून काड्यांना पाणी कमी पडते आहे असे वाटत नाही. त्यांना मोकळी हवा कमी पडते आहे. कापलेली काडी श्वसन करतच असते आणि श्वसनातून उष्णता व बाष्प बाहेर पडते. गोल्डनरॉडच्या काडीला खालपासून वरपर्यंत दाट पाने असतात, त्यामुळे घट्ट बांधलेल्या जुडीच्या पोटात ही उष्णता आणि ओल कोंडून राहते. खोके उघडताना तुम्हाला जाणवणारी ऊब तीच आहे. उबेत आणि अंधारात रात्र काढलेली पाने लवकर पिवळी पडतात, आणि त्यांच्यावर पुन्हा पाणी शिंपडले की बुरशीला हवे ते सगळे मिळते. कोल्हापूर-पुण्याच्या कोरड्या हवेत तुऱ्यात अडकलेले पाणी थोड्या वेळात सुकून जाते. आपल्याकडे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ते दिवसभर तसेच राहते, म्हणून तुऱ्यावर पाणी मारणे सर्वात आधी बंद करावे.

खोके आल्याबरोबर प्लॅस्टिक काढून टाकावे, दोरा सोडावा आणि काड्या एकमेकींपासून हलक्या हाताने सोडवाव्यात. तुरे एकमेकांत गुंतलेले असतात; ओढाताण केली तर बाजूच्या फांद्या मोडतात, म्हणून जुडी उलटी धरून किंचित हलवत सोडवणे बरे पडते. तुरे ओले आले असतील तर ते झटकून, काड्या पाण्यात उभ्या करून पडवीच्या सावलीत वाऱ्यावर ठेवाव्यात आणि तुरे कोरडे झाल्यावरच कामाला घ्यावेत. समुद्राकडच्या खिडकीत मात्र ठेवू नयेत, कारण खाऱ्या वाऱ्याने बारीक फुले लवकर करपतात. पूर्ण अंधाऱ्या खोलीतही ठेवू नयेत, कारण पानांचा हिरवेपणा टिकायला थोडा उजेड लागतो.

पाने काढण्यात काटकसर करू नये. पाण्यात बुडणारे प्रत्येक पान तर काढावेच, पण त्याच्या वरचीही निम्मी पाने काढलेली मला योग्य वाटतात. या फुलांत तुरा महत्त्वाचा आहे. रचनेत पाने लपलेलीच असतात, पाणी मात्र तीच अधिक पितात आणि आधी खराबही तीच होतात. देठावरून बोट खाली ओढत नेले की पाने सहज निघतात. सालपट निघेल इतका जोर देऊ नये. त्यानंतर काडीचे टोक धारदार चाकूने दोन-तीन सेंटीमीटर तिरके कापून ती लगेच स्वच्छ, कोमट पाण्यात उभी करावी. बोथट कात्रीने टोक चेचले गेले तर पाणी वर चढण्याच्या नळ्या दबतात. या अवस्थेत निदान तीन-चार तास, शक्य असल्यास रात्रभर, काड्यांना स्वस्थ पाणी पिऊ द्यावे आणि मगच रचनेला घ्याव्यात. समारंभाच्या सकाळी खोके उघडून थेट फुले खोचायच्या हिरव्या स्पंजमध्ये काड्या टोचल्या, तर दुपारपर्यंत माना पडतात.

आता निवडीविषयी. जुडी घेताना तुरा डोळ्यांजवळ आणून पाहावा. लांबून सलग पिवळा दिसणारा तुरा जवळून पाहिला की कमानदार फांद्यांवर ओळीने बसलेली, ज्वारीच्या दाण्याएवढी असंख्य फुले दिसतात. त्यांतली काही हिरवट-पिवळी आणि मिटलेली असतात, तर काहींच्या कडेने बारीक पाकळ्या बाहेर डोकावत असतात. साधारण तिसरा हिस्सा ते निम्मी फुले उमललेली असतील ती जुडी घ्यावी. सगळ्याच कळ्या घट्ट मिटलेल्या असतील तर त्यांतल्या बऱ्याचशा पाण्यात ठेवूनही उमलत नाहीत आणि तुरा शेवटपर्यंत हिरवटच राहतो. सगळी फुले उमलून मध्यभाग तपकिरी होऊ लागला असेल तर तो तुरा घेऊच नये, कारण थोड्याच दिवसांत त्याचा पांढरट कापूस होऊन तो पाहुण्यांच्या कपड्यांवर गळू लागतो. यानंतर जुडीच्या आत बोटे घालून मधली पाने चाचपावीत. बाहेरची पाने हिरवी असली तरी आतली चिकट किंवा काळी लागली, तर माल जुना आहे किंवा वाटेत तापलेला आहे. विक्रेत्याला जुड्या सैल बांधायला आणि प्लॅस्टिकऐवजी फक्त कागद वापरायला सांगावे. नेहमीचे गिऱ्हाईक असल्यास ते ऐकतात.

मचूळ पाण्याविषयी तुमची शंका रास्त आहे. खाडीकाठच्या विहिरींच्या पाण्यात क्षार वाढले की कापलेल्या फुलांचे आयुष्य कमी होते, आणि उन्हाळ्याच्या अखेरीस हे पाणी अधिकच बिघडते. नळाचे किंवा गाळलेले पाणी मिळत असेल तर तेच वापरावे. बादल्या आणि फुलदाण्या साबणाने घासून धुवाव्यात, पाणी दररोज बदलावे आणि एक दिवसाआड टोके थोडी थोडी कापावीत. फुलांसाठी मिळणारी पूड नसेल तर 1 लिटर पाण्यात 1 चमचा साखर, 2 चमचे लिंबाचा रस आणि 1 चमचा घरगुती ब्लीच असे मिश्रण चालते. साखरेने कळ्यांना पोषण मिळते, आंबटपणामुळे पाणी सहज वर चढते आणि ब्लीचमुळे जंतू वाढत नाहीत. ब्लीच आधी पूर्ण पाण्यात विरघळवावे आणि लिंबू शेवटी घालावे. लिंबाचा रस आणि ब्लीच पाण्याशिवाय एकत्र केल्यास विषारी क्लोरिन वायू सुटतो. नुसती साखर घातली तर जंतूंचेच पोषण होते, म्हणून ती एकटी घालू नये.

इतके सांभाळल्यास गोल्डनरॉड चांगल्या स्थितीत 7 ते 10 दिवस टिकतो. आपल्या उकाड्यात खालचा आकडा गृहीत धरून काम आखावे.

गुहागरची सजावट

सविस्तर उत्तराबद्दल मनापासून आभार. पाणी शिंपडणे आजपासून थांबवतो. आमच्या रचनांमध्ये गोल्डनरॉडबरोबर अँथुरियम आणि हेलिकोनिया असतात, कारण ही दोन्ही आमच्या भागात सावलीत, पोफळीच्या बागांतून उत्तम येतात. तयार रचना आदल्या रात्री फ्रिजमध्ये ठेवता येईल का? आणि हिरव्या स्पंजऐवजी दुसरे काही वापरता येईल का? समारंभानंतर तो स्पंज कुठे टाकायचा हा आमच्यापुढे नेहमीचा प्रश्न असतो.

उत्तर : वेंगुर्ल्याची परसबाग

तयार मिश्र रचना फ्रिजमध्ये ठेवू नका. गोल्डनरॉडला 2 ते 4 अंश सेल्सिअसची थंडी मानवते आणि व्यापारी साठवण त्याच तापमानाला होते. परंतु अँथुरियम आणि हेलिकोनिया ही उष्ण प्रदेशातील झाडे आहेत आणि साधारण 12-13 अंशांखाली त्यांना थंडीचा अपाय होतो. अँथुरियमच्या लाल भागावर निळसर-काळे डाग पडतात आणि ते पुन्हा जात नाहीत. रात्रभर ठेवायचेच असेल तर गोल्डनरॉड वेगळा ठेवावा आणि रचना सकाळी पूर्ण करावी. तोही घरच्या फ्रिजमध्ये फळांशेजारी नको. पिकणारे केळे, आंबा आणि चिकू यांतून इथिलीन हा फळे पिकवणारा वायू बाहेर पडतो. गोल्डनरॉडच्या कुळातील फुलांच्या पाकळ्यांवर त्याचा परिणाम कार्नेशन किंवा ऑर्किडइतका तीव्र नसतो, पण पाने त्यामुळे लवकर पिवळी पडू शकतात. याच कारणाने एप्रिल-मेमध्ये हापूसची अढी ज्या खोलीत घातलेली असते तिथे फुलांच्या बादल्या ठेवू नयेत, आणि गणपतीत माटवीला, म्हणजे मूर्तीच्या वर टांगलेल्या फळा-पानांच्या चौकटीला, केळ्यांचा पिकत आलेला घड बांधलेला असेल तर फुलांची रचना त्याच्या खाली न ठेवता बाजूला ठेवावी.

स्पंजविषयी थोडे अधिक सांगावेसे वाटते. हा स्पंज कृत्रिम राळेपासून बनतो, तो मातीत कुजत नाही, त्याचा चुरा होतो आणि पावसाच्या पाण्याबरोबर तो व्हाळातून खाडीत जातो. आपल्या दारातच त्याला चांगला पर्याय आहे. घड उतरवलेल्या केळीचे खोड वीतभर लांबीचे कापून आडवे ठेवावे, तळाचा भाग थोडा तासून ते स्थिर करावे आणि वरून बांबूच्या टोकदार काडीने भोके पाडून त्यांत फुलांच्या काड्या बसवाव्यात. खोडात भरपूर पाणी असते, शिवाय गोल्डनरॉडची काडी बारीक पण कणखर असल्यामुळे ती आत नीट रुतते. भोक आधी न पाडता काडी दाबली तर तिचे टोक तंतूंनी भरते आणि पाणी घेणे थांबते. खोडाच्या चिकाचे डाग कापडावरून निघत नाहीत, म्हणून खाली ताट किंवा केळीचे पान ठेवावे. एक दिवसाच्या समारंभाला हे पुरेसे आहे. अधिक दिवसांसाठी पसरट भांड्यात कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशी जाळी चुरगळून बसवावी आणि भांडे पाण्याने भरावे. पाणी बदलणेही त्यात सोपे जाते.

स्पंज वापरणे अपरिहार्य असेल तर तो पाण्यात दाबून बुडवू नये. पाण्यावर ठेवून तो आपोआप खाली जाऊ द्यावा, नाहीतर मधला भाग कोरडा राहतो. एकदा टोचलेली काडी उपसून पुन्हा त्याच भोकात घालू नये, कारण खाली हवेची पोकळी राहते.

उत्तर : रत्नागिरी, वनस्पतिशास्त्र

परागांविषयीच्या शंकेचे उत्तर मी देतो, कारण हा गैरसमज फार दूरवर पसरलेला आहे आणि त्यापायी एक चांगले फूल विनाकारण बदनाम झाले आहे.

गोल्डनरॉड म्हणजे सॉलिडॅगो. शेवंती, झेंडू आणि सूर्यफूल ज्या कुळात येतात त्याच कुळातले हे झाड असून त्याच्या बहुतेक जाती उत्तर अमेरिकेतल्या आहेत. नेब्रास्काने 1895 मध्ये आणि केंटकीने 1926 मध्ये त्याला राज्यफुलाचा मान दिला. तिकडे उन्हाळ्याच्या अखेरीस आणि शरदात माळरानावर हे पिवळे तुरे फुलतात, आणि नेमक्या त्याच काळात अँब्रोसिया नावाचे दुसरे झाडही फुलते. अँब्रोसियाची फुले हिरवट आणि कुणाच्या लक्षात न येणारी असतात, पण त्यांचे हलके पराग वाऱ्यावर दूरवर उडतात आणि लोकांना शिंका, डोळ्यांना खाज, दम लागणे असे त्रास होतात. लोकांना समोर दिसत होता तो पिवळाधमक गोल्डनरॉड, म्हणून दोष त्याच्यावर आला. प्रत्यक्षात गोल्डनरॉडचे पराग जड आणि चिकट असतात. ते मधमाश्या आणि इतर कीटकांच्या अंगाला चिकटून एका फुलावरून दुसऱ्या फुलावर जातात, हवेत फारसे मिसळत नाहीत. भडक रंग आणि मध ही कीटकांना बोलावण्याची साधने आहेत. वाऱ्यावर विसंबणाऱ्या झाडाला त्यांची गरज नसते.

आपल्याकडे याला समांतर उदाहरण गाजर गवताचे आहे. तेही याच कुळातले आहे, रस्त्याकडेला सर्वत्र माजलेले आहे, आणि त्याच्या परागांनी नाकाचे व श्वासाचे विकार होतात. गुहागरच्या एखाद्या घरात शिंका सुरू झाल्या तर फुलदाणीकडे बोट दाखवण्यापूर्वी अंगणाबाहेरचे गवत पाहावे, असे मी आग्रहाने सांगेन.

एक सावधगिरी मात्र खरोखर आवश्यक आहे आणि ती पाहुण्यांपेक्षा तुम्हा काम करणाऱ्यांसाठी आहे. गाजर गवताच्या स्पर्शाने ज्यांच्या त्वचेला खाज, लाली किंवा चट्टे येतात, त्यांना या कुळातील इतर झाडांच्या रसानेही तसाच त्रास होऊ शकतो. शेवंती हाताळून बोटांना भेगा पडणारे फूलवाले आपण पाहतोच. अशा व्यक्तीने गोल्डनरॉडची पाने काढताना हातमोजे घालावेत, पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा आणि काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत. ज्याला फुलांची ॲलर्जी असल्याचे वैद्यांनी निदान केले आहे, त्याच्या खोलीत कोणतीच फुले ठेवू नयेत. तिथे गोल्डनरॉड आणि गुलाब असा भेद करण्यात अर्थ नाही.

बाजारात कधी फिकट पिवळ्या, जरा मोठ्या फुलांचा आणि अधिक सुटसुटीत तुरा "गोल्डनरॉड" म्हणून मिळतो. तो बहुधा सॉलिडॅस्टर असतो. गोल्डनरॉड आणि ॲस्टर यांचा हा संकर 1910 च्या सुमारास फ्रान्समधील लियाँच्या एका रोपवाटिकेत आढळला. त्याची निगा अशीच घ्यावी. पांढऱ्या फुलांच्या रचनेत मला तो अधिक शोभून दिसतो, कारण गोल्डनरॉडचा गडद पिवळा निशिगंधासारख्या शांत फुलांवर मात करतो.

गुहागरची सजावट

या उत्तराची प्रत काढून ती आम्ही आमच्या गिऱ्हाइकांना दाखवू. शेवटचे विचारतो, हा गोल्डनरॉड इथेच परसात लावता येईल का? घाट उतरून येणाऱ्या मालाचा प्रवासच वाचला तर निम्मी अडचण दूर होईल. आणि उरलेले तुरे वाळवून वापरता येतात, असे ऐकले आहे ते खरे का?

उत्तर : कुडाळची फुलशेती

लावता येतो, पण मोठी अपेक्षा ठेवू नये. मुनव्यांपासून, म्हणजे झाडाच्या बुंध्याशी फुटणाऱ्या कोंबांपासून, याची लागवड होते आणि ती पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरमध्ये करणे आपल्याकडे सोयीचे. सखल जागेत, भातखाचराशेजारी लावू नये. जांभ्या मातीत कुजलेले शेणखत मिसळून उंच गादीवाफा करावा, कारण मुळाशी पाणी साचले की झाड सडते. खरी अडचण दिवसाच्या लांबीची आहे. दिवस लांब असताना या झाडाची काडी उंच वाढते आणि दिवस लहान झाला की ते फुलावर येते. कोकणात डिसेंबरात दिवस जेमतेम 11 तासांचा आणि जूनमध्येही 13 तासांच्या आसपासच असतो, त्यामुळे काडी आखूड असतानाच तुरा येण्याची शक्यता राहते. व्यापारी शेतकरी सुरुवातीचे काही आठवडे रात्री दिवे लावून दिवस लांबवतात. घरगुती सजावटीसाठी आखूड काडीनेही काम भागते, म्हणून दिव्यांचा खर्च करू नये असे माझे मत आहे. पावसाळ्यात पानांवर भुरी आणि तांबेरा येतो. दाटी कमी ठेवावी, रोगट पाने जाळावीत आणि पाणी नेहमी मुळाशी द्यावे. तोडणी सकाळी, दव सुकल्यावर करावी आणि पाण्याची बादली वाफ्याशेजारीच ठेवावी.

वाळवण्यासाठी तुरा अर्धा उमललेला असतानाच कापावा. पूर्ण उमललेला तुरा वाळताना फुटतो आणि त्याची म्हातारी उडू लागते. सगळी पाने काढून पाच-सहा काड्यांची सैल जुडी बांधावी आणि ती अंधाऱ्या, कोरड्या, वारा खेळत्या जागी उलटी टांगावी. कौलारू घराचा माळा याला फार योग्य, मात्र चुलीचा धूर तिथे पोहोचत नसावा. गणपतीतले उरलेले तुरे वाळवण्याचा प्रयत्न बहुधा फसतो, कारण हवेतच इतकी ओल असते की वाळण्याआधी बुरशी धरते. दिवाळीनंतरचे तुरे उत्तम वाळतात आणि रंगही राखतात. जून येण्यापूर्वी ते सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावेत, नाहीतर पावसाच्या पहिल्या पंधरवड्यातच मऊ पडतात.

लागवड करणार असाल तर आणखी एक गोष्ट कटाक्षाने पाळावी. कॅनडा गोल्डनरॉड ही याची जात युरोपात आणि चीनमध्ये बागांतून निसटून माळरानांवर पसरली आहे आणि तिथल्या स्थानिक झाडांना ती जागा सोडत नाही. जमिनीखालच्या खोडांनी ती सरकत जाते आणि वाऱ्यावर उडणाऱ्या हजारो बियांनी दूर पोहोचते. आपल्या सड्यांवर, म्हणजे जांभ्या कातळाच्या पठारांवर, पावसाळ्यात तेरडा आणि किती तरी नाजूक रानफुले उगवतात. त्यांच्यात हे झाड शिरू देऊ नये. म्हणून वाफ्याला कडेने जांभ्याचे चिरे खोल बसवावेत, फुले कोमेजताच तुरे कापून टाकावेत, आणि उपटलेले मुनवे व पिकलेले तुरे गडग्यापलीकडे न फेकता वाळवून जाळावेत.